मुलांकडून शिकलेला गुरु : पेस्टालोझी

थोर पुरुषांचीं चरित्रें म्हणजे बहुधा एकामागून एक मिळविलेल्या विजयांची हकीगत असते. आज ज्या पुरुषाची ओळख करून द्यावयाची आहे, त्याच्या चरित्रांत असे विजय फार थोडे आहेत. त्यानें शेती केली, ती बुडाली. गरीब मुलांसाठीं आश्रम काढला, तो कांहीं वर्षांत बंद पडला. पोटच्या मुलाला आपल्या मतांप्रमाणें वाढविण्याचा प्रयत्न केला, त्यांतहि त्याला यश आलें नाहीं. अनाथालय उघडलें, तें पांच महिनेहि टिकलें नाहीं. आणि ज्या शाळेनें त्याचें नांव साऱ्या युरोपांत गाजविलें, ती त्याच्या डोळ्यांदेखत मोडली. असें असूनहि, लहान मूल कसें वाढतें व त्याच्या वाढीला काय लागतें ह्याचा विचार जेथें जेथें होतो, तेथें योहान हाइन्रिख पेस्टालोझी ह्याचें नांव आदरानें घेतलें जातें. कारण प्रत्येक अपयशांतून तो मुलांविषयीं कांहींतरी नवें शिकला, आणि स्वतःच्या चुका त्यानें कधीं लपवून ठेविल्या नाहींत.

पेस्टालोझीचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील झुरिच शहरीं ता. १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. त्याचा बाप शस्त्रवैद्य होता, परंतु इ. स. १७५१ मध्यें, मुलगा अवघा पांच वर्षांचा असतांना, तो वारला. मागें विधवा आई, लहान मुलें व तुटपुंजी मिळकत एवढेंच राहिलें. घरांत बाबेली नांवाची एक तरुण मोलकरीण होती. धन्यानें अखेरच्या घटकेस तिला जवळ बोलावून, आपल्या मागें ह्या कुटुंबाला सोडून न जाण्याची विनंति केली. तिनें वचन दिलें व तें निष्ठेनें पाळलें. बाजारांत ती मुद्दाम उशिरां जाई. कारण त्या वेळीं विकणारीं माणसें घरीं परतण्याच्या घाईंत असत व माल स्वस्त मिळे. मुलांचे चांगले कपडे प्रार्थनामंदिरांतून आल्याबरोबर उतरवून ठेवले जात. कपडे व जोडे झिजूं नयेत म्हणून मुलांना रस्त्यांत खेळावयास सोडीत नसत.

ह्या बालपणाचे दोन ठसे त्याच्या मनावर कायमचे उमटले. आई व बाबेली ह्या दोघींच्या निःस्वार्थी प्रेमानें त्याचें अंतःकरण कोमल व विश्वासू बनलें; घर हीच मुलाची पहिली शाळा होय, ह्या त्याच्या पुढील शिकवणीचें मूळ येथेंच आहे. परंतु बरोबरीच्या मुलांत पळणें, पडणें, भांडणें व पुन्हां गोडीनें खेळणें ह्यांपासून शरीराला जें चापल्य व मनाला जें व्यवहारज्ञान येतें, तें त्याला मिळालें नाहीं. शाळेंत तो वेंधळा, गबाळा व भोळा ठरला. सोबत्यांनीं त्याला वेडगांवचा हेन्री अशा अर्थाचें टोपणनांव दिलें. एकदां भूकंपाचा धक्का बसला, तेव्हां सारी शाळा जिन्यावरून धांवत खालीं आली. वर राहिलेल्या टोप्या व पुस्तकें आणावयास कोणी जाईना. तेव्हां सर्वांनीं ह्या भोळ्या मुलाला पाठविलें, व तो गेलाहि. प्रेमाची ऊब आणि खेळाची मोकळीक ह्या दोहोंचीहि मुलाला गरज असते, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. एक मिळाली व दुसरी मिळाली नाहीं, ह्यावरूनच तें त्याला कळलें.

सुटींत तो झुरिचजवळच्या होंग ह्या खेड्यांत आपल्या आजोबांकडे जाई. आजोबा तेथें पाळक होते. ते गोरगरिबांच्या घरीं समाचारास जात, तेव्हां नातवाला बरोबर नेत. तेथें पाहिलेलें दारिद्र्य तो विसरला नाहीं. ह्या लोकांच्या उपयोगीं पडावें म्हणून त्यानें प्रथम धर्मशास्त्राचा व मग कायद्याचा अभ्यास आरंभिला. पण दोन्ही सोडून अखेर तो शेतीकडे वळला. इ. स. १७६२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या रूसोच्या ‘एमील’ ह्या ग्रंथानें त्या काळच्या तरुणांना भारून टाकलें होतें. मूल निसर्गाच्या क्रमानें वाढूं द्यावें, वडील माणसांच्या हौसेनें नव्हे, असा त्या ग्रंथाचा आशय होता.

इ. स. १७६९ मध्यें पेस्टालोझीचा विवाह ॲना शुल्थेस हिच्याशीं झाला. ती त्याच्याहून आठ वर्षांनीं मोठी व सुखवस्तु घरची होती. विवाहापूर्वीं त्यानें तिला एक लांब पत्र लिहून आपले सर्व दोष कळविले : आपण विसराळू आहों, पोषाखाविषयीं बेफिकीर आहों, आणि देशबांधवांच्या सेवेपुढें घरचें सुखहि दुय्यम मानूं, असें त्यानें स्पष्ट सांगितलें. तिनें तें सर्व जाणून, आईबापांचा विरोध सोसून, त्याला वरलें. आणि पुढें सेहेचाळीस वर्षें त्याच्या संकटांत आपला वांटा उचलला. ह्या जोडप्यानें बिर गांवाजवळ जमीन घेऊन घर बांधलें व त्याला नॉयहोफ, म्हणजे नवा मळा, असें नांव दिलें. तेथें रंगासाठीं लागणाऱ्या मंजिष्ठाची लागवड केली. पण ती साधली नाहीं व कर्ज मात्र वाढलें.

इ. स. १७७० मध्यें त्यांना मुलगा झाला. रूसोविषयींच्या आदरामुळें त्याचें नांव याकोब ठेविलें. निसर्गानुसार शिक्षणाचा प्रयोग आतां घरांतच करावयाचा होता. मुलगा साडेतीन वर्षांचा असतांना, इ. स. १७७४ च्या आरंभीं, बापानें एक रोजनिशी ठेविली. तींत एका दिवशीं बाप मुलाला ओढ्याकांठीं नेऊन पाणी उतारावरून कसें वाहतें तें दाखवितो. दुसऱ्या दिवशीं तोच बाप त्या कोंवळ्या मुलाला अक्षरें, आंकडे व लॅटिन शब्दहि घोकावयास लावतो. मूल कंटाळतें, हट्ट करतें; बाप आग्रह धरतो, आणि मग स्वतःवरच रागावतो. लवकरच त्याच्या ध्यानांत आलें कीं मुलाला आंकड्यांचीं नांवें पाठ आलीं आहेत, परंतु त्या नांवांनीं किती वस्तूंचा बोध होतो हें त्याला मुळींच कळत नाहीं. आधीं वस्तु व मग तिचें नांव, हा क्रम आपण उलटा केला, अशी कबुली त्यानें स्वतःच्या हातानें त्या रोजनिशींत लिहून ठेविली आहे. याकोब अकरा वर्षांचा झाला तरी त्याला नीट लिहितां वाचतां येत नव्हतें. त्याला अपस्माराचा विकार जडला, व इ. स. १८०१ मध्यें तो ऐन तारुण्यांत वारला. विकार शिक्षणामुळें झाला असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्याला पुढें जगानें मुलांचा गुरु म्हटलें, त्याच्या मनांत हें शल्य मरेपर्यंत राहिलें असलें पाहिजे.

शेती बुडत असतांनाच पेस्टालोझीनें इ. स. १७७४ मध्यें आपल्या घरांत गरीब मुलांसाठीं आश्रम उघडला. रस्त्यावर भीक मागणारीं मुलें त्यानें गोळा केलीं. तीं उन्हाळ्यांत शेतांत काम करीत, हिंवाळ्यांत सूत काढीत व मागावर बसत, आणि हात चालत असतांनाच वाचन व हिशेब शिकत. भाकरी, काम व ममता मिळाली म्हणजे हीं मुलें फुलूं लागतात, हें त्यानें प्रत्यक्ष पाहिलें. परंतु हिशेबाचें अंग त्याला मुळींच नव्हतें. कित्येक आईबाप मुलांना नवे कपडे मिळतांच त्यांना घेऊन जात. बायकोचें स्त्रीधन संपलें, आणि इ. स. १७८० मध्यें आश्रम बंद करावा लागला.

आतां त्याच्यापाशीं लेखणीखेरीज कांहीं उरलें नव्हतें. त्यानें ‘लिओनार्ड आणि गर्ट्रूड’ नांवाची कादंबरी लिहिली. तिचा पहिला भाग इ. स. १७८१ मध्यें प्रसिद्ध झाला. लिओनार्ड हा व्यसनांत सांपडलेला एक गरीब गंवडी, व गर्ट्रूड ही त्याची धीराची पत्नी. ती आपल्या मुलांना घरकाम करतां करतां शिकविते : पावलें मोजावयास लावते, खिडकीचीं तावदानें मोजावयास लावते, सूत काढतांना धागे मोजून घेते. अशा रीतीनें मुलें डोळस होतात. ह्या पुस्तकानें पेस्टालोझीचें नांव देशोदेशीं गेलें, आणि इ. स. १७९२ मध्यें फ्रान्सच्या राष्ट्रसभेनें त्याला सन्मान्य नागरिकत्व अर्पण केलें. तथापि कीर्तीनें त्याचें समाधान झालें नाहीं. त्याला मुलें हवीं होतीं. आणि आश्रम बंद पडल्यापासून अठरा वर्षें त्याला तीं मिळालीं नाहींत.

तीं मिळालीं तीं एका मोठ्या आपत्तींतून. इ. स. १७९८ च्या सप्टेंबरांत स्टान्स गांवच्या परिसरांतील लोकांनीं नव्या राज्यघटनेस विरोध केला, तेव्हां फ्रेंच सैन्यानें त्या मुलखाची राखरांगोळी केली. शेंकडों माणसें मारलीं गेलीं, घरें जळालीं, मुलें उघड्यावर पडलीं. सरकारनें त्यांच्यासाठीं अनाथालय काढण्याचें ठरवून तें काम पेस्टालोझीकडे सोंपविलें. ता. १४ जानेवारी १७९९ रोजीं पहिलीं मुलें आलीं, तेव्हां त्याला त्रेपन्न वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले होते. जोगिणींच्या मठाची एक बाजू त्याला मिळाली होती, पण स्वयंपाकघरसुद्धां तयार नव्हतें. मदतीस घरकाम पाहणारी एकच बाई. गांवचे लोक रोमन कॅथॉलिक, हा प्रॉटेस्टंट. शिवाय ज्या सरकारचा त्यांना तिटकारा, त्याच सरकारचा हा माणूस. मुलें खरजेनें व उवांनीं भरलेलीं, हाडांचे सांपळे झालेलीं. कांहीं भेदरलेलीं, तर कांहीं भिकेच्या संवयीनें निर्ढावलेलीं.

अशा सुमारें ऐंशीं मुलांना त्यानें प्रथम काय शिकविलें? पुस्तकांतलें कांहींहि नाहीं. तो त्यांच्यांतच जेवला, त्यांच्यांतच निजला. रात्रीं सर्वांच्या शेवटीं तो अंथरुणास पाठ टेकी व सकाळीं सर्वांच्या आधीं उठे. त्यांना तो स्वतः धुई व कपडे घाली. त्यांच्या दुखण्यांत तो जवळ बसे. आपल्या भुकेची, आपल्या भयाची कोणाला तरी काळजी आहे, ही जाणीव मुलांच्या मनांत आधीं उपजली पाहिजे. मगच नीतीचे शब्द व अक्षरांचे पाठ त्या मनांत रुजतात, असा त्याचा अनुभव झाला. क्वचित् त्याचा हातहि उगारला जाई, हें त्यानें पुढें मोकळेपणानें सांगितलें. तथापि ज्याची माया रात्रंदिवस अनुभवाला येते त्याच्या एका चापटीनें मुलाचें मन दुरावत नाहीं, असें त्याला वाटे. शिकवावयास दुसरे गुरुजी नव्हते, म्हणून मुलेंच मुलांना शिकवूं लागलीं. थोडें अधिक जाणणारा मुलगा दोन लहानांच्या मध्यें बसे, दोहोंकडे दोन्ही हात त्यांच्या गळ्यांत टाकी, व आपणांस येत असलेलें त्यांना सांगे.

त्या वसंतांत शेजारचें आल्टडॉर्फ गांव आगीनें भस्म झालें. पेस्टालोझीनें मुलांना जवळ बोलावून, तेथील वीस निराधार मुलांना आपल्यांत घ्यावें काय, असें विचारलें. त्यांना घेतल्यास प्रत्येकाच्या वांट्यास अन्न कमी येईल, काम अधिक करावें लागेल व कपडेहि वांटून घ्यावे लागतील, हें त्यानें मुळींच झांकून ठेविलें नाहीं. तरी मुलांनीं एकमुखानें होकार दिला. कांहीं महिन्यांपूर्वीं ज्या मुलांना घांसाघांसासाठीं भांडण्यापलीकडे कांहीं ठाऊक नव्हतें, त्यांच्यांत हा पालट झाला होता. कोणत्याहि परीक्षेंत मिळालेल्या गुणांहून पेस्टालोझीला हें फळ मोलाचें वाटलें. परंतु ता. ८ जून रोजीं लष्करी इस्पितळासाठीं ती इमारत रिकामी करावी लागली. बहुतेक मुलें पांगलीं, आणि श्रमानें थुंकींतून रक्त पडूं लागलेला पेस्टालोझी डोंगरांतील एका गांवीं विश्रांतीसाठीं गेला.

थोड्याच आठवड्यांत तो बर्गडॉर्फ गांवीं एका साध्या शाळेंत शिक्षक म्हणून हजर झाला. त्या वर्गाचे पंतोजी धंद्यानें चांभार होते. हा नवा माणूस धड प्रश्नोत्तरी घोकून घेत नाहीं, हें पाहून पालक बिथरले. नवे प्रयोग करावयाचे असतील तर मोठ्या नागरिकांच्या मुलांवर करावेत, आमच्या मुलांवर नकोत, असें त्यांनीं बजावलें. मग त्याला पांच ते आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग मिळाला. त्या खोलीच्या भिंतींवर जुना, फाटलेला कागद चिकटविलेला होता. मुलांना त्यापुढें उभें करून तो विचारी, तेथें काय दिसतें? मुलें भोंकें मोजीत, त्यांचा आकार, जागा व रंग सांगत, आणि एका शब्दाच्या उत्तरावरून हळूहळू पूर्ण व अचूक वाक्यांवर येत. एकदां शिडीचें चित्र दाखवून पाठ चालला होता. तेव्हां एका मुलानें, अंगणांत खरी शिडी असतांना चित्रावरून कां शिकावयाचें, अशी शंका काढली. असाच प्रश्न दुसऱ्या वेळीं खिडकीविषयीं निघाला. पेस्टालोझीला राग आला नाहीं. मुलाचें म्हणणें खरें आहे हें ओळखून त्यानें चित्रें बाजूला ठेविलीं. गुरूनें शिष्याकडून शिकावें, ह्याचें ह्याहून सुंदर उदाहरण क्वचितच आढळेल. आठ महिन्यांनीं, इ. स. १८०० च्या मार्चांत, गांवच्या शाळासमितीनें मुलांची परीक्षा घेतली, व त्यांची प्रगति पाहून आश्चर्य व्यक्त केलें.

इ. स. १८०१ मध्यें ‘गर्ट्रूड आपल्या मुलांना कसें शिकविते’ ह्या ग्रंथांत त्यानें आपले विचार मांडले. मुलाच्या ठिकाणीं सर्व शक्ति बीजरूपानें असतातच. शिक्षक त्या बाहेरून ओतीत नाहीं, त्यांच्या वाढीला साह्य करतो. डोकें, हृदय व हात ह्या तिहींची वाढ बरोबरीनें व्हावी. एकाचीच वाढ झाली तर माणूस अपुरा राहतो. ज्ञानाचा आरंभ इंद्रियांनीं केलेल्या साक्षात् अवलोकनापासून व्हावा, आणि सोप्याकडून अवघडाकडे, जवळच्याकडून दूरच्याकडे असें एक एक पाऊल टाकावें. मागली पायरी पक्की झाल्यावांचून पुढली चढूं नये. ह्या विचारांचें बीज याकोबच्या रोजनिशींत आहे, हें उघड आहे.

इ. स. १८०५ पासून वीस वर्षें त्याची शाळा इव्हर्डन येथील जुन्या किल्ल्यांत होती. तिच्या भरभराटीच्या दिवसांत तेथें दीडशेंच्या वर मुलें शिकत. भूगोलाचा धडा नकाशापासून सुरू होत नसे. मुलें जवळच्या खोऱ्यांत हिंडत, ओढे व टेकड्या न्याहाळीत, येतांना चिकणमाती घेऊन येत, व मेजावर त्या खोऱ्याची प्रतिकृति घडवीत; तेथपर्यंत समज आल्यावरच त्यांना नकाशा दाखवीत. दूरदूरच्या देशांतून विद्वान् व शिक्षक ती शाळा पाहावयास आले. जर्मनीचा फ्रीड्रिख फ्रोबेल तेथें इ. स. १८०८ पासून दोन वर्षें राहिला. त्यानेंच पुढें इ. स. १८४० मध्यें आपल्या शिशुशाळेला किंडरगार्टन, म्हणजे मुलांचा बगीचा, हें नांव दिलें. इंग्लंडचा चार्ल्स मेयो तेथें राहून परतला, व त्याची बहीण एलिझाबेथ हिनें वस्तूंवरील पाठांचें पुस्तक लिहिलें. अशा पाठांना आपल्याकडील शिक्षक वस्तुपाठ म्हणत; आणि आज आपण उत्तम उदाहरणाला वस्तुपाठ म्हणतों, तेव्हां त्याच जुन्या शब्दाचा वापर करतों.

परंतु शाळा मोठी झाली तशी तिच्यांतील घरपणा ओसरला. हाताखालच्या शिक्षकांत तंटे माजले, व त्यांना आवर घालणें वृद्ध पेस्टालोझीला जमलें नाहीं. इ. स. १८१५ मध्यें ॲना वारली. इ. स. १८२५ मध्यें शाळा बंद करून तो नॉयहोफला परतला, आणि अखेरच्या लेखनांत त्यानें आपल्या चुकांचा झाडा स्वतःच दिला. ता. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग गांवीं तो एक्याऐंशींव्या वर्षीं मरण पावला. बिर येथें, खेड्यांतल्या शाळेशेजारीं, त्याला मूठमाती देण्यांत आली. इ. स. १८४६ मध्यें, त्याच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, तेथें स्मारक उभारलें गेलें. त्यानें सर्व कांहीं दुसऱ्यांसाठीं केलें, स्वतःसाठीं कांहींच ठेविलें नाहीं, अशा आशयाचा लेख त्यावर आहे.

लावलेलें रोप वाढतांना पाहण्याचें भाग्य त्याला लाभलें नाहीं, पण तें वाढलें. आपल्या महाराष्ट्रांतहि, इ. स. १९४५ मध्यें ताराबाई मोडक ह्यांनीं त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतल्या मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम सुरू केलें, तेव्हां महाग साधनांच्या जागीं शिंपले, पानें, बिया अशा भोंवतालच्या वस्तु मुलांच्या हातीं दिल्या. त्यांची प्रत्यक्ष गुरुपरंपरा माँटेसोरीबाईंची व गिजुभाई बधेका ह्यांची. तथापि आधीं वस्तु व मग शब्द हा धडा तोच, जो एका बापाला आपल्या साडेतीन वर्षांच्या मुलापुढें हार खाऊन मिळाला होता.

विद्यार्थिमित्रहो, शाळेंत वेंधळा म्हणून हिणविला जाणारा मुलगा तुमच्याहि वर्गांत असेल. टोप्या आणावयास त्याला एकट्याला पाठविण्यापूर्वीं झुरिचच्या ह्या मुलाची आठवण ठेवा. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, पाहुण्यांपुढें मुलाला पाढे म्हणावयास लावण्याचा मोह झाला म्हणजे क्षणभर थांबावें. त्याला बारा म्हटल्यावर बारा चिंचोके मोजून देतां येतात काय, हें आधीं पाहावें. आणि त्याच्याहि आधीं, चुकला तरी निर्भयपणें आपल्याजवळ येण्याइतका त्याचा आपल्यावर विश्वास आहे काय, हें पाहावें. स्टान्सच्या मठांत पेस्टालोझीनें ह्या विश्वासापासूनच आरंभ केला होता.